खाचर, वरकस आणि कागद: मुळशी खोऱ्याचं प्रकरण

पुण्यातून पौड रस्त्याने पश्चिमेला निघालं, की चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि मग पौड लागतं. पौड हे मुळशी तालुक्याचं ठाणं. पुढे माले ओलांडलं की उजव्या हाताला पाणी दिसू लागतं आणि बराच वेळ सोबत करतं. त्यानंतर निवे, ताम्हिणी, आणि घाट उतरला की विळे, म्हणजे रायगड जिल्हा. चांदणी चौकापासून घाटमाथ्यापर्यंत दीड-दोन तासांचा हा रस्ता. एवढ्या अंतरात पाऊस, शेती, घरं, माणसांची कामं इतकी बदलतात, की हा एकच तालुका आहे यावर विश्वास बसत नाही.

या तालुक्यातल्या एका जुन्या प्रकरणाचा हा अभ्यास आहे. १९२१ ते १९२४ या काळात मुळा नदीवरच्या मुळशी धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. शाळेच्या पुस्तकात त्याला दोन-तीन ओळी मिळतात, त्याही सेनापती बापटांच्या चरित्राच्या ओघात. मला यात वेगळं काही महत्त्वाचं वाटतं. बुडणाऱ्या गावाचं नुकसान मोजताना कोणाला मोजलं गेलं आणि कोणाला नाही, हा प्रश्न इथे महाराष्ट्रात फार लवकर आणि फार स्पष्टपणे उभा राहिला. तो समजण्यासाठी आधी जमीन समजून घ्यावी लागते.

सह्याद्रीचा कणा तालुक्याच्या पश्चिम सीमेवर उभा आहे. या कण्यापासून पूर्वेकडे डोंगरांच्या सोंडा निघतात आणि दोन सोंडांच्या मध्ये एकेक खोरं पडतं. रिह्याचं खोरं, कोळवण खोरं, मुळेचं म्हणजेच पौडचं खोरं, मुठा खोरं, मोसे खोरं. शिवकाळातली मावळं ती हीच, आणि बाजी पासलकर मोसे खोऱ्यातले. उत्तरेच्या टोकाला कोरबारसे मावळात कोरीगड, त्याच्या पायथ्याला पेठ शहापूर आणि आंबवणे. थोडं दक्षिणेला घनगड, पायथ्याला एकोले. शेजारी तैलबैलाच्या दोन उभ्या भिंती. इथले लोक पत्ता सांगताना अजूनही खोऱ्याचं नाव आधी घेतात, कारण सोयरीक, बाजार, जत्रा हे सगळं खोऱ्यातच फिरतं. मधला डोंगर ओलांडून पलीकडे जायचं तर कारण लागतं.

पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो आणि पूर्वेकडे भराभर कमी होत जातो. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, हे लक्षात घेतलं की त्या एका दिवसाचा अर्थ कळतो. एवढ्या पावसात उतारावरची माती टिकत नाही, ती वाहून खाली येते आणि खोऱ्याच्या तळाशी बसते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून माणसांनी भाताची खाचरं केली. उतारावरची उरलेली पातळ मातीची जमीन म्हणजे वरकस. तिच्यावर नाचणी, वरई, नंतर काही वर्षं पड, आणि पडीत गवत.

खाचर आणि वरकस यांचं नातं हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

भाताची रोपं तयार करायची तर उन्हाळ्यात राब भाजावा लागतो. झाडांचे टहाळे, पालापाचोळा, शेण, गवत, माती असे थर रचून जमिनीचा तुकडा जाळायचा. त्याने तण मरतं आणि रोपांना खत मिळतं. हे टहाळे आणि गवत येणार वरकसातून आणि रानातून. लावणीआधी खाचरात चिखल करायला, म्हणजे चिखलणीला, बैल लागतात आणि बैलांची वैरणही तिथलीच. वरकस नसेल तर खाचर लवकर थकतं. खाचर नसेल तर नुसत्या वरकसावर कुटुंबाचं वर्ष निघत नाही, कारण नाचणी-वरई काही वर्षंच घेता येते आणि मग जमीन सोडून द्यावी लागते. शेतकऱ्याच्या लेखी हे दोन्ही मिळून एक शेत. सरकारी मोजणीत मात्र त्यांचे वेगवेगळे नंबर, वेगवेगळे आकार म्हणजे शेतसारे, आणि वेगवेगळे दर.

धरण बांधलं की पाणी आधी तळ भरतं. म्हणजे पहिल्यांदा जातं ते खाचर.

शेतीच्या कडेने इतरही माणसं जगत होती. डोंगराच्या सपाटीवर गवळी धनगरांचे वाडे, त्यांच्या म्हशी, त्यांचं लोणी-तूप खाली उतरायचं आणि त्या बदल्यात भात वर जायचा. रानात आणि नदीकाठी कातकरी, मासे, खेकडे, मध, लाकूडफाटा यांवर आणि भातकापणीच्या मजुरीवर जगणारे. महादेव कोळी होते, गावोगावचे बलुतेदार होते. शिवाय प्रत्येक गावाची देवराई. पुढे १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पुणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात फिरून देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या धाकाने राखलेल्या या रानांचं महत्त्व शहरी अभ्यासकांना उमगलं. गावाला ते ठाऊक होतंच. ऐन उन्हाळ्यात गावाचा झरा जिवंत ठेवणारी झाडी तीच होती.

धरण का आलं?

मुंबईच्या कापड गिरण्यांना कोळशाऐवजी विजेची गरज होती. टाटांनी घाटमाथ्याची उंची ओळखली. माथ्यावर पाणी अडवायचं, डोंगरातून पश्चिमेला न्यायचं आणि जवळजवळ पाचशे मीटर खाली कोकणात सोडून जनित्रं फिरवायची. लोणावळा-वळवणचं पाणी वापरणारं खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. त्यानंतर आंध्रा खोऱ्यातलं पाणी भिवपुरीला, आणि तिसरी योजना नीला-मुळेची. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ खोरं अरुंद होतं, तिथे भिंत घालायची आणि पाणी घाटाखाली कोकणातल्या भिऱ्याला उतरवायचं असं ठरलं. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कल्पना देखणी होती, आणि कोळशाच्या धुरापेक्षा ही वीज बरी हा कंपनीचा मुद्दाही खोटा नव्हता. हे मान्य करूनच पुढे जायला हवं, नाहीतर मावळ्यांच्या म्हणण्याचं वजन कळत नाही.

पाण्याखाली येणार होती ५२ गावं आणि सुमारे ११ हजार माणसं.

लोकांना ही बातमी सरकारी कागदाने कळली नाही, शेतात पडलेल्या चरांनी कळली. नोटीस न देता शेतांमध्ये चाचणीचे चर खणले गेले. एका शेतकऱ्याने हरकत घेतली, तेव्हा इंग्रज अभियंत्याने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. ही हकिकत पुण्यापर्यंत गेली आणि तिथून चळवळ उभी राहिली. विनायकराव भुस्कुटे खोऱ्यात जाऊन संघटनेला लागले. पांडुरंग महादेव बापट आले. ते पारनेरचे, इंग्लंडला शिकायला गेलेले आणि बॉम्बची कृती घेऊन परतलेले क्रांतिकारक. ‘सेनापती’ ही पदवी त्यांच्या नावाला याच लढ्यात चिकटली. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे यांच्यासारखे पुण्याचे पुढारी पाठीशी होते. शिवरायांचे मावळे पुन्हा उठले, अशी भाषा तेव्हाच्या भाषणांतून आणि पोवाड्यांतून घुमत होती.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे १२०० माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली. काम थांबलं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त या लढ्याची दखल घेतली. कायदेशीर हक्काचा आधार न घेता लोकांशी बोलून मार्ग काढावा, असं त्यांनी टाटांना सुचवलं, आणि एका गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध मिळणाऱ्या फायद्याची किंमत काय, असा प्रश्न विचारला. वाटाघाटी झाल्या आणि कंपनीने सहा महिन्यांसाठी काम स्थगित केलं.

या सहा महिन्यांत नेमकं काय घडलं, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

आता कागदाकडे वळतो. मुळशीच्या खोऱ्यातला मावळा जमीन कसत होता, पण बऱ्याच जमिनी कागदोपत्री त्याच्या नव्हत्या. पुण्याच्या सावकारांकडे त्या गहाण पडल्या होत्या किंवा खरेदीखताने गेल्या होत्या. त्याच जमिनी मूळचा मालक खंडाने, म्हणजे ठरलेला मोबदला देऊन, किंवा अर्धेलीने, म्हणजे निम्मं पीक देऊन, कसत राहिला. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यानंतर १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला, तरी जमिनी हातातून जाण्याचं थांबलं नव्हतं. कुळाला संरक्षण देणारा कायदा १९४८ चा, आणि कसेल त्याची जमीन हा कृषकदिन १ एप्रिल १९५७ चा. १९२१ च्या कुळाला यातलं काहीच उपलब्ध नव्हतं.

जमीन घेतली जाणार होती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याचा व्यवहार साधा होता: जमिनीत ज्याचा कागदी हितसंबंध, त्याला बाजारभावाने पैसे. बदली जमीन नाही, वसलेलं गाव दुसरीकडे वसवण्याची जबाबदारी नाही. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये आला, म्हणजे या घटनेनंतर अर्ध्या शतकाने.

आता एका कुळाच्या घराचा विचार करा. खाचर सावकाराच्या नावावर, म्हणून भरपाई सावकाराला. वरकस कदाचित पाण्याबाहेर राहिलं, म्हणून त्याची भरपाईच नाही. पण खाचराशिवाय वरकस म्हणजे काय, ते वर सांगितलं आहे. गावाच्या गायरानात आणि रानात वापराचा हक्क वहिवाटीचा, त्याला मोल नाही. कातकऱ्याच्या नावावर जमीन नव्हतीच, त्यामुळे त्याचं काही गेलं असं कागद म्हणत नाही. धनगराचे गिऱ्हाईक असलेलं अख्खं गाव उठलं, तरी धनगरवाडा उंचावर आहे म्हणून तो बाधित नाही. सुतार, लोहार, न्हावी यांची बलुती ज्या घरांवर होती ती घरं पांगली, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

लढा फुटला तो या रेषेवर, असं माझं मत आहे. १९२१ च्या अखेरीस सरकारने भूसंपादन पुढे रेटलं आणि काम पुन्हा सुरू झालं. जमीनदार-सावकारांच्या दृष्टीने हा बरा सौदा होता. डोंगरातल्या जमिनीचा रोख पैसा एकरकमी मिळत होता आणि वसुलीची कटकट संपत होती. भरपाईचे आकडे वाढावेत एवढीच त्यांची तक्रार उरली. कुळांची तक्रार जमीनच जाऊ नये ही होती. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा त्यांची, सावकारांची नव्हे. पुण्याच्या पुढाऱ्यांचं नातं दोन्ही बाजूंशी होतं, आणि जसजशी भरपाईची बोलणी वाढली तसतसे बरेचजण त्या बाजूला झुकले. मला त्यांच्यावर निव्वळ दोष ठेवावासा वाटत नाही. पण जमिनीचा मालक आणि जमिनीवर जगणारा एकच आहे असं गृहीत धरून उभी केलेली चळवळ, तो एकच नाही हे दिसताच अडखळली, हे नोंदवायलाच हवं.

दुसरा टप्पा तुरुंगवासाचा होता. मावळे, स्वयंसेवक, बायका, सगळ्यांना अटका झाल्या. हळूहळू खोऱ्यातली माणसंही पैसे घेऊन उठू लागली, कारण भिंत रोज वर चढताना त्यांना दिसत होती. बापट मागे हटले नाहीत. मालमत्तेचं नुकसान करायचं, पण लपायचं नाही, केलं ते कबूल करून शिक्षा भोगायची, अशी त्यांची सत्याग्रहाची कल्पना होती. गांधीजींच्या मार्गात ती बसणारी नव्हती. १९२४ च्या अखेरीस कंपनीची गाडी अडवण्याच्या प्रकरणात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं.

उठलेली माणसं कुठे गेली? काही वरच्या उतारांवर सरकली, काही शेजारच्या खोऱ्यात सोयऱ्यांकडे गेली, काही मुंबईला. ज्या गिरण्यांसाठी खोरं बुडालं, त्याच शहराच्या गर्दीत मुळशी-मावळातली माणसं मजुरी शोधत मिसळली. हे सांगताना मला दरवेळी थांबावंसं वाटतं. ज्या गावाची सामूहिक ओळख बांध, देवराई, जत्रा, पाणवठा अशा ठिकाणांनी बनलेली असते, ते गाव पन्नास ठिकाणी पांगलं की माणसं जिवंत राहतात, पण गाव राहत नाही. भरपाईच्या हिशेबात हा तोटा कधीच धरला गेला नाही.

काठावर राहिलेल्यांची गोष्ट आणखी लांबली. संपादन झालेली सगळीच जमीन पाण्याखाली गेली नाही. वरच्या अंगाची काही जमीन कोरडी राहिली आणि मूळच्या घरांचे वारस तिथेच राहत आणि कसत आले. कागदावर ती जमीन त्यांची नाही. गावठाणात घर नसेल तर घरासाठीच्या सरकारी योजनेत अडचण, सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्जात अडचण. म्हणूनच सत्याग्रहाची शताब्दी आली तेव्हा काठच्या गावांच्या बोलण्यात हुतात्म्यांच्या आठवणींइतकीच ही मागणी होती: पाण्याबाहेर राहिलेलं गावठाण आणि शेत आमच्या नावावर करा. चौथ्या पिढीतही प्रश्न कागदाचाच आहे.

या प्रकरणाला दुसरा धडा आहे तो पाण्याच्या दिशेचा. मुळा मूळची पूर्ववाहिनी. ताम्हिणीच्या पागोळीचं पाणी मुळेतून पुण्याच्या संगमावर मुठेला, तिथून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचं. धरणानंतर तेच पाणी बोगद्यातून भिऱ्याला उतरतं, कुंडलिकेत जातं आणि रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला राफ्टिंगसाठी येणारी तरुण मंडळी ज्या प्रवाहावर स्वार होतात, तो भिऱ्याहून सुटलेला हाच मुळेचा प्रवाह. कुंडलिकेच्या काठच्या गावांना बारमाही पाणी मिळालं, आणि भीमेच्या खोऱ्यात सोलापूरपर्यंत दुष्काळ पडला की मुळशीचं पाणी पूर्वेला वळवा ही मागणी डोकं वर काढते. कृष्णा पाणी तंटा लवादाने टाटांच्या धरणांमधून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली, ती पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी (अब्ज घनफूट). एकट्या मुळशी धरणाची साठवण साधारण १८ टीएमसी आहे. कोकणचं पाणी, सोलापूरचं पाणी, मुंबईची वीज असा हा वाद मांडला जातो. ज्यांच्या खाचरांवर हे पाणी उभं आहे त्यांचा वाटा किती, हे त्या मांडणीत क्वचितच येतं.

तालुक्याची बाकीची खोरीही वेगवेगळ्या मार्गांनी त्याच वाटेने गेली. मुठा खोऱ्यात टेमघर धरण आणि मोसे खोऱ्यात वरसगाव, दोन्ही पुण्याच्या पिण्याच्या पाण्यासाठी. वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव दिलं आहे. त्याच जलाशयाच्या वरच्या अंगाला दासवे, मुगाव, पडळघर, धामणओहोळ या गावांच्या परिसरात लवासा हे डोंगरी शहर उभं राहू लागलं. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ते काम थांबवलं आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजीत भातखाचरांवर माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती आल्या. सूस, म्हाळुंगे, बावधन २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. इथे जमीन सक्तीने कमी आणि विक्रीने जास्त गेली, हा फरक मोठा आहे. तरी विक्रीचा पैसाही सातबाऱ्यावरच्या नावालाच मिळाला. बांधावर राबणारा मजूर, गवत कापून विकणारी बाई, रानावर जगणारं कातकरी कुटुंब यांचा हिस्सा १९२१ मध्ये नव्हता तसा आताही नव्हता.

विद्यार्थ्यांसोबत हे प्रकरण अभ्यासायचं असेल, तर माझा आग्रह असा असेल की सुरुवात बापटांच्या चरित्राने करू नका, एका खाचराच्या नकाशाने करा. खाचर काढा, त्याचं वरकस काढा, राब कुठून येतो, बैल कुठे चरतो, लावणीला कोण येतं, झरा कुठल्या देवराईतून निघतो, हे सगळं बाणांनी जोडा. मग त्यावर पाण्याची रेषा ओढा आणि कायद्याने कोणाला पैसे दिले त्याची नावं एका रंगात लिहा. दुसऱ्या रंगाने लिहायची नावं किती उरतात ते मोजा. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने कूळ, शेतमजूर, वनोपजावर जगणारी कुटुंबं यांना बाधितांच्या व्याख्येत आणलं. तो नकाशा हातात असला की त्या व्याख्येतला एकेक शब्द कुठून आला असेल ते दिसतं.

घाटमाथ्याच्या गावांत आजही पहिल्या पावसाआधी राब भाजल्याचा धूर दिसतो. आंबेमोहोराचे वाफे कमी झाले आहेत, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणीने बरीच जागा घेतली आहे. तरणी पोरं पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला जातात आणि लावणीला रजा काढून घरी येतात. ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ भरलं की दरवाजे उघडतात, पाणी जुन्या पात्राने पूर्वेला सुटतं आणि पुण्यात मुळेकाठच्या वस्त्यांना सावधानतेचा इशारा जातो. दोन-चार दिवसांनी पाऊस ओसरतो, दरवाजे बंद होतात, आणि पाणी पुन्हा भिऱ्याकडे जाऊ लागतं.